सी ड्राइव्हमध्ये जागा करताय? या चुका टाळा

भाच्याचा फोन आला. "मामा, सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर कट करून डीला टाकलं. आता ते उघडतच नाही."

उघडणार कसं? रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) आणि शॉर्टकटमध्ये पत्ता जुनाच असतो. फोल्डर होतं तिथे, त्याच नावाने परत ठेवायला लावलं; सुरू झालं. एखादं सॉफ्टवेअर खरंच डीवर हवं असेल तर अनइन्स्टॉल करून नव्याने तिथे टाका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमला तेवढीही गरज नाही. स्टीमच्याच सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून तो सरळ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो.

गंमत म्हणजे त्याची जागा सॉफ्टवेअरने खाल्लीच नव्हती. पोरगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ॲडोबी प्रीमियरसारखी व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपच्या आवाजासाठी वेगळ्या फाइल्स बनवून ठेवतात, त्याही 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात. नवरानवरी हनिमूनहून परत येतात, क्लिप बाहेरच्या हार्डडिस्कवर जातात, या तात्पुरत्या फाइल्स, म्हणजे कॅशे, मात्र मुक्कामालाच. त्याच्याकडे साठ जीबी निघाली! प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट न उघडता एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे इथे जा आणि तिथूनच डिलीट करा. मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही. जुनं प्रोजेक्ट पुन्हा उघडलंत तर पहिल्यांदा जरा वेळ लागेल, इतकंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विंडोजच्या फोल्डरातलं 'इन्स्टॉलर' हे लपवलेलं फोल्डर रिकामं करणं. दहा-पंधरा जीबी आयती दिसली की हात शिवशिवतात. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून माणूस खूश. पुढे ते सॉफ्टवेअर अपडेट करायला किंवा काढायला गेलं की विंडोज हरवलेली एमएसआय फाइल (सॉफ्टवेअर बसवायची फाइल) मागत बसतं. असं झालंच असेल तर त्याच आवृत्तीचा मूळ सेटअप शोधून त्या फाइलकडे बोट दाखवा.

विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स ठेवणारं 'विनएसएक्सएस' फोल्डरही हाताने पुसू नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक (एकाच फाइलची दोन ठिकाणची नावं) असल्यामुळे ते दिसतं तेवढं मोठं नसतंच. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' निवडलं की काम होतं.

मोठे गेम ठेवायचेच असतील तर विंडोज १० पासून फाइल्स दाबून लहान करणाऱ्या 'कॉम्पॅक्ट' कमांडला एलझेडएक्स या जास्त दाबणाऱ्या पद्धतीचा पर्याय आहे. कमांडची भीती वाटत असेल तर 'कॉम्पॅक्टजीयूआय' हे मोफत साधन तेच काम करतं. किती जागा वाचली ते प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ ऑन डिस्क'समोर बघा. वरचा 'साइझ'चा आकडा बदलतच नाही आणि लोक उगाच हिरमुसतात. व्हिडिओ आणि झिप आधीच दाबलेले असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. आणि गेमचं अपडेट आलं की ज्या फाइल्स बदलतात त्या पुन्हा फुगतात. मग कमांड परत चालवायची.