अल्ट्रासाउंडने स्फटिक पाडताय? या चुका टाळा

एक लिटरचे जॅकेटवाले काचपात्र (दुहेरी भिंतीचे, मधून थंड-गरम पाणी फिरवता येते असे), ढवळणी आणि २० किलोहर्ट्झचा प्रोब, म्हणजे द्रावणात बुडवायचा अल्ट्रासाउंडचा दांडा. मांडणी तीच, तरी एकदा माल पिठासारखा बारीक निघतो आणि एकदा काहीच पडत नाही. दोष बहुधा यंत्रात नसतो. प्रोब केव्हा आणि किती वेळ चालवला, यात असतो.

सर्वांत महागात पडते ते थंड करायला लागल्यापासून शेवटपर्यंत प्रोब चालू ठेवणे. द्रावण संपृक्त होईपर्यंत प्रोबमधून फक्त उष्णता मिळते. स्फटिक दिसू लागल्यावरही चालू ठेवला, तर अल्ट्रासाउंडने द्रावणात तयार होऊन फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या धक्क्याने तयार स्फटिक मोडतात, नवी केंद्रके (स्फटिकांची सूक्ष्म सुरुवात) पडतच राहतात आणि गाळणी तुंबते. त्यापेक्षा आधी द्रावण संपृक्ततेच्या तापमानापेक्षा ५ ते १० अंश वर अर्धा तास ठेवून सगळे विरघळवा. न विरघळलेला एखादा कणही बीजाचे काम करतो आणि श्रेय अल्ट्रासाउंडला जाते. मग संपृक्ततेच्या तापमानाच्या काही अंश खाली आणा, पण आपोआप स्फटिक पडू लागतील इतके नव्हे. थोडे थोडे सेकंद प्रोब चालवा. पहिली चमचम दिसली की बंद. त्याच तापमानाला थोडा वेळ थांबा आणि पुढे सावकाश थंड करा.

प्रोब कुठे बुडवला हेही पाहा. टोक २–३ सेंटीमीटर आत हवे; वरवर राहिले तर हवा ओढून फेस होतो. ढवळणीचा भोवरा टोकापर्यंत पोहोचला तरी तेच. जोरदार कॅव्हिटेशन (बुडबुडे तयार होऊन फुटणे) टोकाखालच्या छोट्या भागातच होते, म्हणून प्रवाह तिथून फिरला पाहिजे. मोठ्या टाकीत एकच प्रोब सोडून भागत नाही. बाहेरच्या फ्लो-सेलमधून, म्हणजे प्रोब बसवलेल्या छोट्या कक्षातून, द्रावण फिरवा.

डिस्प्लेवरचे ६० टक्के म्हणजे वॅट नव्हेत, ते सहसा टोक किती हलते ते, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड असते. द्रवात खरोखर किती शक्ती जाते ते जॅकेटचा प्रवाह बंद करून मोजा: ५०० ग्रॅम पाणी ६० सेकंदांत १ अंशाने तापले, तर ५०० × ४.१८ ÷ ६०, म्हणजे सुमारे ३५ वॅट. आणि तुलनेसाठी तोच ढवळण्याचा वेग, तोच थंड करण्याचा दर ठेवून अल्ट्रासाउंडशिवाय एक बॅच काढाच; बरेच जण नेमके हेच टाळतात.

मालात करडे कण दिसले तर टोक तपासा. टायटॅनियम खड्डे पडून झिजते आणि मालात उतरते. औषधी पदार्थात हे अजिबात चालत नाही. कोरड्यात प्रोब चालवू नका.