सराव पाठासाठी एकच मोबाइल
आंतरवासितेसाठी, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणातील शाळेतल्या सरावासाठी, मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील जिल्हा परिषद शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकाने साधन निवडण्यापूर्वी तेथील वीज, रेंज आणि पटसंख्या पाहून घ्यावी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केल्यावर उघडणारे साहित्य तालुक्याच्या गावी असतानाच डाउनलोड करावे, कारण ऐन तासाला रेंज गेली, की विचलित झालेला वर्ग पुन्हा फळ्याकडे वळवणे अवघड जाते.

उजळणीसाठी मला प्लिकर्स हे छापील कार्डांवरून मुलांची उत्तरे टिपणारे मोबाइल ॲप सर्वांत उपयुक्त वाटते. प्रत्येक मुलाला त्याचे क्रमांकित कार्ड द्यावे; त्यावर एक कोड आणि चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे छापलेली असतात. प्रश्न पर्यायांसह फळ्यावर लिहावा आणि निवडलेला पर्याय वरच्या बाजूस येईल असे कार्ड मुलांनी धरले, की मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवावा. कोणाचे उत्तर चुकले ते लगेच दिसते आणि मुलांना मोबाइल लागतच नाही. कार्डे पुठ्ठ्यावर चिकटवावीत. चमकदार लॅमिनेशन मात्र टाळावे, कारण त्यावर उजेड चकाकला तर कोड वाचला जात नाही. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या लहान मुलांसाठी पर्यायांत शब्दांऐवजी चित्रे काढावीत. पाठ टाचणात (पाठाच्या लेखी नियोजनात) साधनाच्या नावासोबत ते कोणत्या अध्ययन निष्पत्तीसाठी, म्हणजे मुलांना काय यावे यासाठी वापरले, हेही नोंदवावे.