'दिआदोखोस' शब्द अभ्यासाला घेताना

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४, ओवी २७ उघडा. पौल कैसरियात दोन वर्षं कैदेत आहे, सुभेदार फेलिक्स त्याच्याकडून पैसे मिळण्याची आशा धरून बसलाय, आणि अशातच फेलिक्सच्या जागी फेस्त येतो. हा जागी येणारा माणूस म्हणजे ग्रीकमध्ये 'दिआदोखोस'. नव्या करारात हे नाम एवढ्या एकाच ओवीत सापडतं. आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात मी असे शब्द आवर्जून घेते, कारण त्यांच्यासाठी कोशातली एक ओळ पुरत नाही, त्यांचं सगळं गणगोत शोधावं लागतं.

आधी फोड करा. 'दिआ' म्हणजे आरपार, एकाकडून दुसऱ्याकडे. 'देखोमाई' म्हणजे स्वीकारणं. पण फोड झाली म्हणजे अर्थ कळला असं मुळीच धरू नका. लगेच क्रियापदाकडे वळा. 'दिआदेखोमाई' नव्या करारात एकदाच येतं, कृत्ये ७:४५ मध्ये, स्तेफनाच्या भाषणात. रानातला मंडप, म्हणजे इस्राएलांचं फिरतं उपासनास्थान, पूर्वजांनी आधीच्या पिढीकडून आपल्या ताब्यात घेतला आणि यहोशवाबरोबर देशात आणला. इथे मला थांबावंसं वाटतंच. कारण इथे काय हाती आलं ते स्पष्ट आहे: साक्षीचा मंडप. वहीत तीन रकाने आखा: कोणाकडून, कोणाकडे, काय. पुढची प्रत्येक ओवी त्यात बसवून बघा.

फेलिक्सच्या ओवीत तिसऱ्या रकान्यात सुभेदारी येते, आणि तिच्यासोबत न सुटलेला एक कैदी. नव्या साहेबानं चार्ज घेतला, एवढाच हा सरकारी शब्द आहे. यहुदी इतिहासकार योसेफसही नीरोनं फेस्तला पाठवल्याचं सांगताना हाच शब्द वापरतो.

मग सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, बघा. २ इतिहास २८:७ मध्ये एलकाना हा आहाज राजाचा 'दिआदोखोस' आहे. पण आहाजानंतर गादीवर बसला तो हिज्कीया! मूळ हिब्रूत 'राजाच्या खालोखालचा' असं आहे. म्हणजे इथे शब्दाचा अर्थ वारस नव्हे, कारभारी. प्रत्येक ठिकाणी एकच मराठी शब्द चिकटवला तर नेमका इथे घोटाळा होतो. सिराखच्या ग्रंथात (४६:१) मात्र यहोशवा संदेष्टेपणात मोशेचा 'दिआदोखोस' आहे. हा ग्रंथ आम्हा प्रॉटेस्टंटांच्या बायबलात नाही, कॅथलिक शेजाऱ्यांकडून मागून घ्या.

बायबलबाहेर फार भटकायची गरज नाही. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला. टॉलेमी, सेल्युकस वगैरे ज्या सेनापतींनी त्याचं राज्य आपसात वाटून घेतलं, त्यांना इतिहासात याच शब्दाच्या अनेकवचनानं, 'दिआदोखोई' म्हणून ओळखतात.

एक पथ्य कटाक्षानं पाळा. प्रेषितांनंतर मंडळीची सेवा दुसऱ्या पारखलेल्या माणसांनी हाती घ्यावी, हे सांगताना रोमच्या मंडळीचा सुरुवातीच्या काळातला पुढारी क्लेमेंत याच्या पत्रात (अध्याय ४४) वरचंच क्रियापद येतं. प्रेषितीय वारशाची, म्हणजे प्रेषितांचा अधिकार बिशपांकडे अखंड चालत आला या मताची, चर्चा करायची तर ती तिथून सुरू करा. फेलिक्सच्या बदलीच्या ओवीतून बिशपांची परंपरा काढू नका. कृत्ये लिहिणाऱ्या लूकच्या मनात तिथे फक्त कैसरियाची कचेरी आहे.

हे जमलं की 'काथेक्सेस' घ्या, म्हणजे ओळीनं, क्रमानं. तो फक्त लूकच्याच लेखनात येतो: लूक १:३ आणि ८:१, कृत्ये ३:२४, ११:४ आणि १८:२३. रकाने मात्र नव्यानं आखावे लागतील.