या चुका टाळा: उरलेले ड्रॉप, चोळलेले डोळे आणि 'बघू नंतर'

डोळे तपासायचं काम करते मी. समोरच्या खुर्चीत रोज नवीन माणूस बसतो पण चुका मात्र त्याच त्याच, आणि त्यातल्या बऱ्याचशा डोळा लवकर बरा व्हावा म्हणूनच केलेल्या असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो उरलेल्या ड्रॉपवरून. डोळा लाल झाला, खाज सुटली की लोक कपाटातली मागच्या वेळची बाटली काढतात, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी ड्रॉप घालतात, नाहीतर मेडिकलमध्ये जाऊन 'मागे दिले होते तेच द्या' म्हणतात. त्या बाटलीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन अशी नावं लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेली असतात, कधी अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत. स्टेरॉइड वाईट नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेच देतात, पण तेव्हा डॉक्टर किती दिवस, कधी कमी करायचं हे ठरवून देतात. स्वतःच्या मनाने घातलं तरी ते सूज दाबतं, एक-दोन दिवसात डोळा पांढरा दिसायला लागतो, आणि माणूस खूश. पण काही जणांमध्ये त्याने डोळ्याचं प्रेशर चढायला लागतं आणि ते दुखत नाही, कळत नाही, आतली नस हळूहळू मरत जाते. याला काचबिंदू म्हणतात. शिवाय डोळ्यात हर्पिस या विषाणूचं किंवा बुरशीचं इन्फेक्शन असेल तर स्टेरॉइडने ते आणखी भडकतं.

एक कॉलेजचा मुलगा आला होता, सोबत आई. तक्रार काय तर बाईक चालवताना बाजूने येणारी गाडी उशिरा दिसते, नंबर लागला असेल. तक्ता वाचायला सांगितला तर शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. मग प्रेशर मोजलं. साधारण 10 ते 21 च्या मध्ये असायला हवं, त्याचं दोन्ही डोळ्यांत 40 च्या वर. विचारलं, कुठलं औषध चालू आहे का? नाही म्हणाला. आई म्हणाली, 'अरे, ते ॲलर्जीचे ड्रॉप घालतोस की रोज.' त्याने बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून बाटली काढली, लेबल पार घासून गेलेलं, पण डेक्सामेथासोन एवढं वाचता आलं. डॉक्टरांनी कधीतरी आठवड्यापुरते दिलेले ड्रॉप, त्याने आराम पडतो म्हणून कित्येक महिने नवीन नवीन बाटल्या आणून चालू ठेवलेले, आणि ते औषध आहे असं त्याच्या मनातच नव्हतं. फील्ड टेस्टमध्ये दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर बरीच गेलेली निघाली. डॉक्टरांनी ड्रॉप बंद केले, प्रेशर उतरलं, पण गेलेली नजर परत येत नाही. ते त्याला सांगताना आईकडे बघवत नव्हतं.

म्हणून माझी सवय सांगते. बाटली फोडली की मार्करने तिच्यावर तारीख लिहायची आणि महिना झाला की अर्धी भरलेली असली तरी टाकून द्यायची. कोर्स संपला तरी टाकायची, 'राहू दे, कामाला येईल' नाही. आणि कुठलेही ड्रॉप हातात आले की एकच प्रश्न विचारायचा, यात स्टेरॉइड आहे का? नुसता लालपणा घालवणारे जे ड्रॉप मिळतात ते पण रोज घालू नका, त्याने रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात आणि असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो.

ड्रॉप घालायची पद्धत पण बहुतेकांची चुकते. डोळ्यात एका वेळी जेमतेम एक थेंब मावतो, बाकी गालावर ओघळतो, तरी लोक तीन-चार थेंब ओततात आणि मग फडाफडा पापण्या मिटतात. हात धुवा, खालची पापणी बोटाने जराशी ओढा, वर बघा, त्या खोबणीत एक थेंब सोडा, बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका. मग डोळा हलका मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, नाहीतर औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरतं, घसा कडू लागतो तो त्यामुळेच. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. घाईच्या लोकांना ही पाच मिनिटं जड जातात पण लगेच घातला तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो.

डोळे चोळू नका. सतत चोळण्याचा केराटोकोनसशी जवळचा संबंध आहे, त्यात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, पातळ होऊन कोनासारखा पुढे येतो. खाज आली तर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा.

स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं, आणि तेव्हा मुद्दाम पूर्ण पापणी मिटायची, हे दुसरं सगळे विसरतात. डोळे थकतात म्हणून ब्लू लाइटच्या चष्म्यावर खर्च करू नका, त्याने थकवा कमी होतो असं दिसलेलं नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही. यात सूट नाही. पाण्यातल्या अकँथामीबा नावाच्या सूक्ष्म जीवाने होणारं इन्फेक्शन भयंकर दुखतं आणि महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो हे खोटं आहे. मुलांना नंबर असेल तर चष्मा पूर्ण वेळ लावू द्या आणि रोज दोनेक तास उघड्यावर खेळू द्या.

'नीट दिसतंय की, कशाला तपासायचं' हे पण नको. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत स्पष्ट दिसू शकतं. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढाल तेव्हा प्रेशर आणि नस पण बघून घ्या, घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याच्याही आधीपासून. डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासायचा, साखर कंट्रोलमध्ये असली तरी.

आणि 'बघू नंतर' म्हणायचं नाही अशा दोन वेळा. अचानक डोळ्यापुढे खूप काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखं चमकायला लागलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळ्याच्या आतला पडदा फाटलेला किंवा सुटत असू शकतो. आणि डोळ्यात ॲसिड, चुना, क्लीनर असं काही उडालं तर आधी फोन नाही, ड्रॉप नाही, डोळा उघडा धरून वाहत्या पाण्याखाली निदान 15-20 मिनिटं धुवा, लेन्स असेल तर धुता धुता काढा, आणि मग दवाखान्यात जाताना ज्या बाटलीतलं उडालं ती सोबत घ्या.