पेन्शनचा हिशेब बघताना या चुका टाळा

कोल्हापुरात विद्यापीठातली चार माणसं चहाला जमली की एक प्रश्न हमखास निघतो, "आपल्या पेन्शन फंडात पैसे हाईत का नाहीत?" पहिली चूक इथंच होते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांसाठी असा साठवलेला फंडच नाही. त्यांची पेन्शन दरवर्षी राज्याच्या तिजोरीतून निघते, म्हणून शिवाजी विद्यापीठाचा ताळेबंद चाळून काही कळत नाही. राज्याच्या बजेटमध्ये पगार, पेन्शन आणि व्याजावर किती जातं ते बघा. २००५ नंतरच्यांचं उलटं आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) ज्याचं त्याचं खातं, ज्याचा त्याचा प्रान नंबर, म्हणजे त्या खात्याचा कायमचा क्रमांक.

सगळ्यांत महागात पडते ती दुसरी चूक. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झाले, असं आपण धरून चालतो. मीही चालत होतो. एकदा या खात्याचा उतारा काढून पगारपत्रकांशी ताळा केला, तर ओळीनं तीन महिने कोरे. बिलातून कपात झाली होती, पण पैसे जमा करायला पुढं पाठवलेल्या यादीत प्रान नंबरचा एक आकडा चुकला होता. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६० हजार असतील, तर कपात १० टक्के, म्हणजे महिन्याला ६ हजार. तीन महिन्यांचे १८ हजार फार वाटत नाहीत, पण ९ टक्क्यांनी २० वर्षांत त्यांचे लाखभर होतात. शासनाचा हिस्सा वेगळाच.

असं सापडलं तर तोंडी सांगून भागत नाही. कोरे महिने लिहा, त्या महिन्यांची पगारपत्रकं जोडा, अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. बाबूलोकांचं 'बघतो' वर्षभर चालतं, हा अनुभव आहे.

खात्यातला मोठा आकडा म्हणजे पेन्शन नव्हे. साठीला साधारणपणे किमान ४० टक्के रकमेची अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागते, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीला देऊन त्यातून दरमहा पेन्शन घ्यायची. ५० लाखांतले २० लाख ६ टक्क्यांनी गुंतले, तर महिन्याला १० हजार येतात. त्यावर महागाई भत्ता नाही.

जाता जाता, लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं. आईचंच नाव अजून असेल, तर नवा फॉर्म भरा.