आधी पायडल काढा

सांगलीत पस्तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. मागच्या चाकाला लावायची दोन छोटी चाकं मी कितीतरी विकली, पैसेही घेतले. आता दुकान बंद आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही : ती घेऊ नका. ती लावली की सायकल कलतच नाही, आणि सायकल कललीच नाही तर पोरानं तोल शिकायचा कशावर? वर्षभर खडखड करत फिरतं, आणि चाकं काढली की पहिल्या दिवशीसारखंच पडतं.

त्यापेक्षा दोन्ही पायडलं काढा. पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं डावीकडं फिरवून सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडं फिरवायचं. हे माहीत नसल्यानं जोर लावून लावून आटे खाल्लेली सायकल घेऊन माणसं माझ्याकडं यायची आणि वर मलाच म्हणायची, कसला माल देता हो तुम्ही.

मग सीट खाली घ्या. पोराचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, गुडघा जरासा वाकलेला. दिसायला बेडूक बसल्यासारखं दिसतं, दिसू दे. टायरमध्ये हवा भरपूर ठेवा. मऊ टायरची सायकल ओढत न्यावी लागते, आणि हळू चालणारी सायकलच जास्त डुगडुगते.

जागेचं म्हणाल तर साताऱ्याच्या लोकांचं बरं आहे, घराबाहेर पडलं की उतार. आपली सांगली सपाट. आयर्विन पुलाच्या तोंडाशी चढ-उतार आहे, पण तिथं पोराला नेणाऱ्याचे कान धरावेत, एवढी वाहनं. कॉलनीतला डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता सकाळी सातच्या आत रिकामा असतो, तो धरा. गवतावर पडलं तर लागत नाही हे खरं, पण गवतात चाकच पळत नाही. आणि पाऊस पडून गेल्यावर मैदानात अजिबात नको. आपली काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते, की चाक फिरायचं थांबतं आणि तुम्ही काडी घेऊन उकरत बसता.

आता पोराला सीटवर बसवून पायानंच ढकलत जायला सांगा. आधी चालल्यासारखं, मग ढांगा टाकत, मग दोन्ही पाय उचलून घसरत. सायकल ज्या बाजूला पडायला लागते त्याच बाजूला हँडल जरासं वळवलं, की चाकं परत अंगाखाली येतात आणि सायकल उभी राहते. हे तोंडानं शिकवू नका. घसरता घसरता हातालाच कळतं. आमच्या नातीला, वय सात, तीन सकाळी लागल्या. पाय वर ठेवून एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागली, तेव्हा पायडलं परत बसवली.

त्याआधी ब्रेक. लहान सायकलींचा ब्रेक बऱ्याचदा इतका कडक असतो की पोराच्या बोटांना दाबत नाही. वायर थोडी सैल करून घ्या, आणि घसरत येऊन खडूच्या रेघेवर थांबायचा खेळ लावा. ज्याला थांबता येतं त्याला भीती कमी वाटते.

पायडल मारायला सुरुवात करताना एक पायडल वर, जरासं पुढं असू दे, घड्याळात दोन वाजल्यासारखं. पहिल्या दाबातच वेग आला पाहिजे. नजर खांबावर, पुढच्या चाकावर नाही.

आता धरण्याचं. सायकलला हात लावायचा नाही. हँडल धरलं की वळवायचं काम तुम्हीच करता. पोराच्या काखेखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं पाठीमागं हातात धरा, ओढू नका, नुसती सैल.

आणि खोटं बोलू नका. आमच्या अण्णानं मला हरिपूर रोडला शिकवलं. मोठ्या माणसाची सायकल, नळीखालनं उजवा पाय घातलेला, अर्धं अर्धं पायडल. ‘अण्णा, धरलंय ना?’ ‘धरलंय रे.’ आवाज लांबून आला म्हणून मागं वळून बघितलं. मान वळली तसं हँडल वळलं, आणि मी चिंचेच्या बुंध्यावर. हनुवटीवर खूण अजून आहे. लागलं त्याचं काही नाही, पण महिनाभर मी अण्णाच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही. म्हणून नातीला सांगूनच सोडलं : ‘आता सोडतोय बघ. समोर बघ.’ ती ‘नको, नको’ ओरडत पन्नास पावलं गेली. नीट थांबली आणि मग माझ्यावर चिडली.

वळणं मोठी घेऊ द्या, सुरुवातीला दोन्हीकडं. पोरं एकाच बाजूला वळतात आणि दुसरी तशीच राहते. खरचटलं तर साबण-पाण्यानं धुवा, हळद-बिळद चोळू नका, सांगलीत राहत असलात तरी. आठ-दहा दिवसांनी सीट बोटभर वर घ्या, नाहीतर गुडघे छातीला लागायला लागतात.

चौथ्या दिवशी नातीची चेन पडली. मी बसवून दिली नाही. पुढच्या चक्राच्या खालच्या दातांवर चेन अडकव आणि पायडल उलटं फिरव, एवढंच सांगितलं. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. दहाही बोटं काळीकुट्ट. तिनं एकदा स्वतःच्या पांढऱ्या फ्रॉककडं बघितलं, आणि माझ्या लेंग्याला पुसली.