पीक पाहणीचं ॲप लवकर उघडण्यासाठी आणि मधेच बंद पडू नये म्हणून

दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायच्या सरकारी ॲपमध्ये) फोटो काढायला कॅमेरा उघडला की मेमरी कमी पडते. मग अँड्रॉइड मागचं ॲप बंद करतो आणि परत आल्यावर फॉर्म कोरा दिसतो. म्हणून वावरात जाण्याआधी व्हिडिओ, गेमसारखी जड ॲप्स बंद करा. सगळीच मात्र सरकवून काढू नका. रोजचं ॲप मेमरीतून गेलं की पुन्हा शून्यापासून सुरू होतं, उशीर उलट वाढतो.

स्टोरेज निदान दहा टक्के मोकळं ठेवा. बहुतेकदा व्हॉट्सॲपचे व्हिडिओच जागा खातात.

ॲप अडकलं तर सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, ‘फोर्स स्टॉप’. तरी नाही जमलं तर स्टोरेजमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅशे’. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ दाबू नका: लॉगिन जातं, अपलोड न झालेली नोंदही पुसली जाते. ती नोंद मग परत मिळत नाही.

उन्हात फोन तापला की प्रोसेसर आपणहून मंदावतो. झाडाखाली थांबा, कव्हर काढा. चार्जिंगला लावून वापरू नका.